एकाच साच्याची फरशी

११ जानेवारी

चि. ठकू,

खूप आशीर्वाद. काल तुझी आई येऊन गेली. दारातूनच काहीतरी ओरडत आली, पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. चाळीस वर्षं दगड कापायच्या यंत्राशेजारी काढली, आता दोन्ही कान निवृत्त झालेत. म्हणून तर फोनऐवजी हा कागद. शेवटी तिने माझ्या मापाच्या वहीत लिहून दाखवलं की विषाणूच्या आत फरशी असते आणि ती कशी बसवलेली आहे हे ठकूने शोधून काढलं.

माझे आजोबा फरशी बसवायचे, वडील बसवायचे, मी बसवतो. तू प्रयोगशाळेत गेलीस तेव्हा मी तोंडाने शाबासकी दिली आणि मनातून जरा हिरमुसलो होतो, आता खोटं कशाला बोलू. आणि बघतो तर बाईसाहेब तिथे जाऊनही फरशीच करताहेत. रक्त जातंय कुठे.

आता कामाचं. इथल्या वाचनालयाचं नवं दालन होतंय, जमिनीचं फरशीकाम माझ्याकडे आहे. मधला दहा फुटांचा भाग आर्किटेक्टने मोकळा सोडलाय. म्हणाला, "मिस्त्री, इथे तुमच्या मनाचं काय ते करा." चाळीस वर्षांत मला असं कोणी म्हटलेलं नाही. माझ्या मनाचं एवढंच आहे की तिथे तुझी फरशी बसवायची. तेव्हा मला कळेल असं लिही आणि चित्र पाठव. पाच मेला उद्घाटन आहे, त्यामुळे आळस करू नकोस.

तुझा मामा

२४ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र बाईंना दाखवलं. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक, त्यांना हसताना मी चार वर्षांत दोनदा पाहिलंय. "रक्त जातंय कुठे" वाचून तिसऱ्यांदा हसल्या.

आता फरशी. आम्ही अभ्यास करतो तो मांजरांमधला एक विषाणू, एड्सच्या विषाणूच्या भावकीतला. तो स्वतः काडीचं काम करत नाही. पेशीत शिरतो, तिच्या कामाच्या यादीत आपली यादी घुसडतो, आणि पेशी बिचारी राबून त्याचे सुटे भाग तयार करत बसते. त्यातला मुख्य भाग म्हणजे एक लांबलचक प्रथिन. त्याच्या डोक्याकडच्या भागाला मॅट्रिक्स म्हणतात. माझी चार वर्षं या डोक्यातच गेली.

पेशीला बाहेरून एक तेलकट पापुद्रा असतो. मॅट्रिक्स आतून जाऊन त्याला चिकटतं. त्यासाठी त्याच्याकडे दोन सोयी आहेत. एक तेलकट टोक असतं, ते पापुद्र्यात रुततं. आणि त्याच बाजूला विजेचा धन भार असलेला एक पट्टा असतो. पापुद्र्याच्या आतल्या अंगाला ऋण भार असतो, तो या पट्ट्याला ओढून धरतो. अशी तीन डोकी एकत्र आली की तीन पात्यांच्या पंख्यासारखा एक तुकडा होतो. सहा तुकड्यांचा एक गोल, त्याला लागून दुसरा गोल, असं करत पापुद्र्याला आतून फरशी लागते. प्रथिनांची धडं आतल्या बाजूला लटकत असतात, ती दाटीवाटीने एकमेकांना धरतात, पापुद्रा बाहेर फुगतो आणि फुगा सुटून निघतो. तो झाला नवा विषाणू. फरशी नीट बसली नाही तर विषाणू जुळतच नाही. म्हणून तर तिच्यामागे एवढे लोक लागलेत, कारण ती बसू न देणारं औषध कधीतरी करता येईल.

आणि माझा शोध असा. भावकीतल्या दुसऱ्या विषाणूंमध्ये प्रत्येक गोलाच्या मधोमध भोक दिसतं. विषाणूच्या बाहेर जे खुंट असतात, ज्यांनी तो पुढची पेशी पकडतो, त्यांची शेपटं त्या भोकांत उतरतात. आमच्या विषाणूत भोकच नाही. सहाही तुकडे गच्च बसलेत. हे आधी कोणी पाहिलेलं नाही, मामा. लेख स्वीकारला गेलाय, बाईंनी मोठ्या परिषदेत माझं चित्र दाखवलं, आणि आठ मेला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आहे. मी फुशारकी मारत नाहीये, पण मारली तर चालेल अशी परिस्थिती आहे.

चित्र सोबत जोडलंय. ते जसंच्या तसं काढ. त्यात तुझं डोकं लावू नकोस, एकेक वळण यंत्राने मोजून काढलेलं आहे. बाकीचं कळलं नाही तरी काही बिघडत नाही.

तुझी ठकू

२० फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद. तुझं पत्र सात वेळा वाचलं. सगळं कळलं असं म्हणत नाही, पण पापुद्र्याला आतून फरशी हे पक्कं कळलं. आम्ही जमिनीवर उभे राहून खाली लावतो आणि तुझं प्रथिन आढ्याला लटकून वर लावतं, एवढाच काय तो फरक.

मधला भाग बसवून झाला. फरशी सिमेंटचीच घेतली. साच्यात आधी रंग ओतायचा, वर सिमेंट भरायचं, दाबयंत्राखाली दाबायचं आणि मग आठ दिवस पाण्यात ठेवायचं. रंगाची बाजू एकच असते, दुसरी बाजू खरबरीत, ती खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याला धरते. एकूण बेचाळीस तुकडे लागले. तुझ्या चित्रात दर दुसऱ्या तुकड्याची पाती उलट्या बाजूला वळतात, म्हणून दोन साचे करावे लागले. एकवीस उजवे, एकवीस डावे. उजवे निळे केले आणि डावे राखाडी. साचेवाला कुरकुरत होता, एका फरशीला दोन साचे कशाला म्हणून. मी त्याला म्हटलं, हे शास्त्र आहे, माझ्या भाचीचं आहे, गुमान लोखंड वाकव.

आता सांगतो ते मनावर घे. बसवून झाल्यावर मी दालनाच्या दारात जाऊन उभा राहिलो. गोलांना गोल असे लागले आहेत की सांध्यात नख शिरत नाही. ग्रंथपाल आले आणि बूट काढून आत आले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ही रचना माझ्या भाचीने शोधली. ते म्हणाले, "मग खाली तिचं नाव घाला." मी म्हटलं, लेख छापून येऊ दे, मग घालतो.

तुझा मामा

२ मार्च

मामा,

घाईत आहे. दोन साचे म्हणजे नक्की काय ते लिही. डावे आणि उजवे तुकडे एकमेकांची आरशातली रूपं आहेत का, की नुसते फिरवून लावले आहेत? नीट बघून सांग. चुकून मापात काही झालं असेल. एक फोटो पाठव, सरळ वरून काढलेला.

ठकू

११ मार्च

चि. ठकू,

तुझी चिठ्ठी मिळाली. घाईत होतीस म्हणून नमस्कारही राहिला असेल.

मापात काही झालेलं नाही. मापात काही व्हायचं असतं तर ते माझ्या विसाव्या वर्षी झालं असतं, साठाव्या नाही. तुझं चित्र मी काचेवर चिकटवून, मागून दिवा लावून, सुईने गिरवलंय. तुकडे आरशातली रूपंच आहेत. उजवा घे, हवा तेवढा फिरव, त्याचा डावा होत नाही. पालथा घातला तरच होतो, पण मग रंगाची बाजू जमिनीला लागते आणि खरबरीत बाजू लोकांच्या पायाला. म्हणून तर वेगळा साचा.

आणि मी काही डोळे मिटून दोन साचे केले नाहीत. कोणीही शहाणा माणूस आधी एकच करतो. मीही एकच केला होता. त्याचे सहा तुकडे वाळूवर मांडून पाहिले. गोल होतो, चांगला होतो, पण मधे एवढं भोक राहतं की चहाचा कप आत बसेल. तू लिहिलं होतंस की भोक नाही. मग चित्र पुन्हा पाहिलं तेव्हा उलटी वळणं दिसली. दोन्ही फोटो पाठवतोय, वाळूवरच्या एका साच्याचा आणि जमिनीवरच्या दोन साच्यांचा. मिस्त्रीच्या कामावर शंका असेल तर तसं सरळ लिही, मला चालेल.

तुझा मामा

१९ एप्रिल

प्रिय मामा,

पाच आठवडे लिहिलं नाही. तू रागावला असशील, आणि आई म्हणते की तू रागावलेला नाहीस असं सगळ्यांना सांगत फिरतोयस, म्हणजे नक्कीच रागावला आहेस. शंका तुझ्या कामावर नव्हती. माझ्या कामावर होती, आणि ते लिहायचा धीर होत नव्हता.

तुझे फोटो आले तेव्हा मी दाराला कडी लावून बसले. मामा, पेशीत साचा एकच असतो. मॅट्रिक्सचा डावा अवतार जगात कुठेही तयार होत नाही. तुझ्या उजव्या तुकड्याचा डावा करायचा तर तो पालथा घालावा लागतो, हे तूच लिहिलंस. पण आमचा तुकडा पालथा घातला तर त्याचं तेलकट टोक पापुद्र्याकडे न जाता आत पाण्याकडे येतं, आणि मग तो पापुद्र्याला चिकटणार कशाने? म्हणजे तुझ्या दालनातले एकवीस राखाडी तुकडे विषाणूत असूच शकत नाहीत. तरी माझ्या चित्रात ते होते.

हे कसं झालं ते सांगते. आम्ही प्रथिन एका तेलकट पडद्यावर पसरतो, सूक्ष्मदर्शकाने हजारो अंधूक फोटो काढतो आणि संगणकाला सांगतो की एकसारखे तुकडे एकमेकांवर ठेवून एक स्वच्छ चित्र काढ. तिथे एक चौकट असते, आरशातलं रूपही जुळवून बघायचं का, अशी. पहिली दोन वर्षं माझे तुकडे पाण्यात सुटे तरंगत होते. ते कसेही पडतात, उताणे काय आणि पालथे काय, म्हणून तिथे ती खूण करावीच लागते. मग मी पडद्यावरचं काम सुरू केलं. पडद्यावर सगळे एकाच तोंडाने चिकटतात, तिथे ती खूण काढायला हवी होती. मी जुन्याच कामाची मांडणी उचलली आणि पुढे चालवली. खूण तशीच राहिली. संगणकाने अंधूक तुकडे जिथे जमेल तिथे उलटे करून बसवले आणि मधलं भोक बुजवून टाकलं. चित्र फार सुंदर आलं. इतकं सुंदर आलं की मी ते तपासलंच नाही. लेख तपासणाऱ्या दोघांनाही ते दिसलं नाही आणि प्रयोगशाळेतल्या अकरा जणांनाही नाही.

आता तुला माझी लाज वाटेल असं सांगते. खूण काढून हिशोब पुन्हा लावला, तो पूर्ण व्हायला बरेच आठवडे लागतात. त्यातले पहिले नऊ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. जेवत होते, हसत होते, बाई परिषदेतल्या टाळ्यांचं सांगायच्या तेव्हा मान हलवत होते. मनात एकच हिशोब चालू होता की आठ मे होऊन जाऊ दे, पदवी हातात पडू दे, मग सांगू. कोणाला कळणार होतं? पण रोज सकाळी टेबलावर तुझा तो वाळूवरचा फोटो असायचा. चाळीस वर्षं फरशी बसवणाऱ्या माणसाने वाळूवर आधी एक साचा लावून पाहिला, आणि मी तेवढंही केलं नव्हतं.

दहाव्या दिवशी बाईंच्या खोलीत गेले. ततपप करत सगळं सांगितलं. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. मग विचारलं, "हे कोणी काढलेत?"

"माझ्या मामाने."

"ते कुठल्या प्रयोगशाळेत असतात?"

"ते फरशी बसवतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "लेख मागे घेत आहोत असं पत्र लिही. खाली दोघींची सही. परिषदेच्या लोकांना मी लिहिते." तेवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पत्र गेलं आहे. आता परीक्षेला मी मुख्य प्रकरण मागे घेऊन जाणार. पाच परीक्षक आहेत. सहा महिने परत पाठवू शकतात, वर्षभर पाठवू शकतात, नापासही करू शकतात. पण एक सांगू का, मान मोकळी झाली.

तू फरशी काढू नकोस. लोकांना ती सुंदरच दिसणार आहे. मला फक्त एवढं सांग की तुला काहीच खटकलं नव्हतं का? खटकलं असेल तर विचारलं का नाहीस?

तुझी ठकू

२८ एप्रिल

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. पत्र उशिरा लिहितोय कारण हात मोकळे नव्हते, ते पुढे येईलच.

तू विचारलंस म्हणून सांगतो. खटकलं होतं. पहिल्याच दिवशी खटकलं. ज्याला एकसारखी फरशी हजारोंनी लावायची आहे तो दोन साचे करत नाही. खर्च सोड, नुसता गोंधळ बघ, डावे उजवे मिसळले की काम बिघडलंच. तू लिहिलंस की पेशी राबून सुटे भाग करते, तेव्हाच मनात आलं की राबणारा माणूस एकाच साच्यात भागवेल. पण तूच लिहिलं होतंस की डोकं लावू नकोस, यंत्राने मोजलंय. ते वाचून मला थोडं लागलं, म्हणून मी मुद्दामच विचारलं नाही. म्हटलं, बरं बाई, नाही लावत डोकं.

हे अर्धं कारण. दुसरं अर्धं जास्त वाईट आहे. मला ते दोन साचे आवडले होते. साचेवाल्याला, ग्रंथपालांना, येईल त्याला मी सांगत होतो की माझ्या भाचीचं काम एवढं अवघड की एका साच्यात मावत नाही. तुला विचारलं असतं आणि तू "अगं बाई, चुकलंच" म्हणाली असतीस, तर माझी मिजास गेली असती. तू नऊ दिवस गप्प बसलीस त्याचं तुला वाईट वाटतंय. मी जवळजवळ तीन महिने बसलो, ठकू.

आता फरशीचं. तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी ग्रंथपालांकडे गेलो आणि म्हटलं, मधला भाग काढतोय. ते म्हणाले, "मिस्त्री, बारा दिवस राहिलेत, आणि कोणाला कळणार आहे?" तुझेच शब्द. मी म्हटलं, मला कळलंय. छिन्नी घेतली आणि राखाडी तुकडे काढायला बसलो. काही निघाले, काही फुटले. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण एका साच्याची मांडणीच वेगळी, मग निळेही उचलावे लागले. साचेवाला आपण होऊन आला आणि एकवीस नवे निळे दाबून दिले. आठ दिवस पाण्यात ठेवायला वेळ नव्हता, पाच दिवसांत काढले, त्याची मला अजून टोचणी आहे.

गुडघ्यांचं तुला कोणी सांगितलं नसेल, मीच सांगू नका म्हटलं होतं. डॉक्टरांनी जानेवारीतच खाली बसायला मनाई केली. ही माझी शेवटची जमीन. म्हणूनच ती तुझी हवी होती. शेवटची जमीन दोनदा बसवायला मिळाली असा मिस्त्री मला तरी माहीत नाही.

भोकाचं माप हवं असेल तर घे. पात्याच्या लांबीचे दहा भाग केले तर भोकाची रुंदी साडेसहा भाग येते. आता त्या भोकात काय घालू ते कळव. परीक्षेला जाताना चांगलं जेवून जा.

तुझा मामा

९ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र मी परीक्षेला जाताना पर्समध्ये ठेवलं होतं, आणि परीक्षेत ते बाहेर काढावं लागलं.

खोली लहान, लांब टेबल, पाच परीक्षक, पाण्याचे ग्लास. मी पहिल्याच पानावर सांगून टाकलं की प्रबंधाचं चौथं प्रकरण चुकीचं आहे, लेख मागे घेतला आहे, आणि चूक माझी आहे, यंत्राची नाही. मग तुझे दोन फोटो पडद्यावर लावले. दोन साच्यांची फरशी आणि वाळूवरची एका साच्याची. तिसरं चित्र नवं, आरशाची खूण काढून परवाच पूर्ण झालेलं. त्यात गोलाच्या मधोमध भोक होतं, मामा. भावकीतल्या बाकीच्यांसारखंच.

त्यांच्यात एक वृद्ध परीक्षक आहेत, या विषयातले सगळे त्यांना घाबरतात. ते म्हणाले, "तुमचा लेख तपासणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो. हे चित्र मी तीन वेळा बघितलं. मला दिसलं नाही." मग त्यांनी विचारलं की हा वाळूवरचा नमुना कुठल्या गटाचा. मी म्हटलं, "माझा मामा फरशी बसवतो. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं." त्यांनी भोकाचं माप विचारलं. मी पर्समधून तुझं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं, दहाला साडेसहा. आमच्या नव्या चित्रात सहा पूर्णांक आठ येतंय. ते म्हणाले, "सिमेंट आक्रसतं." आणि वहीत लिहून घेतलं. मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही, पुन्हा विचारावा लागला.

निकाल असा की पदवी दिलेली नाही. सहा महिने दिलेत, चौथं प्रकरण नव्याने लिहायचं, खुंटाची शेपटं खरंच त्या भोकात उतरतात का हे प्रयोगाने दाखवायचं, आणि मग परत यायचं. दाराबाहेर आल्यावर बाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, उद्या नऊला ये, शेपटांचं प्रथिन तयार करायला घेऊ. मी आठलाच जाणार आहे.

उद्घाटन तर होऊन गेलं असेल, तरी भोकात साधी पांढरी फरशी घाल, सपाट, रंग नको. तिथे काय असतं ते अजून आम्हाला दाखवायचंय. आणि नव्या लेखाच्या शेवटी आभार मानतात तिथे तुझं नाव येणार आहे, पुढे 'फरशी कारागीर' असं. बाईंनी स्वतः लिहिलं. डोकं लावू नकोस असं मी पुन्हा कधी तुला म्हणणार नाही. त्या वाक्याची मला खरंच लाज वाटते.

तुझी ठकू

१८ मे

चि. ठकू,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र येईपर्यंत उद्घाटन होऊन गेलं होतं, त्यामुळे भोकं मी आधीच पांढरी भरली होती. बघ, तू सांगायच्या आधीच एकदा तरी बरोबर निघालो.

दालन भरलं होतं. लोक मधल्या गोलांवरून चालायला बिचकत होते, ग्रंथपालांनी चाला म्हटलं तेव्हा चालले. मी खुर्ची टाकून कडेला बसलो होतो, गुडघ्यांनी आता संपच केलाय. तुझी आई शेजारी. येईल तो विचारत होता की ही रचना कसली. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. पापुद्रा, तेलकट टोक, तीन पाती, सहा तुकडे, सगळं. तुझी आई मला कोपराने ढोसत होती की पुरे आता, पण माझे कान गेलेत, तोंड नाही गेलेलं. आधी दोन साचे होते आणि मग एक झाला हेही सांगितलं. चूक कोणाची म्हणून विचारलं तर म्हटलं, आम्हा दोघांची, आणि दोघांनीही ती उखडून काढली.

तू पास होशील असं मला वाटलं होतं हे कबूल करतो. तुझं पत्र आल्यावर आधी थोडं वाईट वाटलं. मग तुझं ते वाक्य पुन्हा वाचलं, चूक माझी आहे, यंत्राची नाही. माझ्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी मिळून किती जमिनी केल्या असतील. त्यांत थोडी वाकडी गेलेली जमीन आमच्यापैकी कोणी मालकाला आपणहून दाखवली असेल असं मला तरी आठवत नाही. वर सतरंजी टाका म्हणायचो. तू पाच माणसांसमोर सतरंजी उचललीस.

काल आर्किटेक्ट भेटला. त्याने हातवारे करून, मोठ्याने, रस्त्यात विचारलं, "मिस्त्री, भाची डॉक्टर झाली का?" मी काठी टेकली, पाठ सरळ केली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अजून नाही." आयुष्यात इतक्या ऐटीत मी कशालाच अजून नाही म्हटलं नव्हतं.

तुझा मामा